पाठीमागचा ठिपका

प्रिय काटकोन,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडखळलं, हे आधीच सांगते. पण शाळेत आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, राग कितीही असो, पत्राची सुरुवात सभ्य हवी. पुढे काय लिहायचं ते त्यांनी शिकवलं नाही, ते आज माझं मी लिहिणार आहे. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू “अगं, ऐक तर” म्हणाली असतीस आणि मी मुकाट्याने ऐकलं असतं. म्हणून पत्र.

परवाच्या रविवारी आपल्या फोटो क्लबच्या टेबलावर सातव्या नंबरचा फोटो होता, आठवतो? बेसिनखालची बादली. तो मी मुद्दाम वाईट काढला होता. मुद्दाम हात हलवला, मुद्दाम बोटाची सावली कोपऱ्यात येऊ दिली, आणि कॅमेरा असा तिरपा धरला की बादली बुडत्या होडीसारखी दिसावी. वर त्याची प्रिंटही बाथरूममध्ये लाल दिवा लावून, दिवसभर खपून वाईट केली, धुतलेल्या पोतेऱ्यासारखी. वाईट फोटो काढायलाही मेहनत लागते गं, मला पहिल्यांदाच कळलं.

आणि अकरा चिठ्ठ्या आल्या. अकराच्या अकरा गोड! डेंटिस्टने लिहिलं, ‘रिकाम्या बादलीत अख्खं आयुष्य दिसलं.’ हाच माणूस एकेकाळी माझ्या फोटोवर ‘डावीकडचा खांब उपटा’ असं लिहायचा, आणि खांब खरोखर उपटण्यासारखाच असायचा. बादली रिकामी नव्हती रे बाबा, तिच्यात फरशी पुसायचं फडकं होतं! पोस्टमास्तरांना त्यात ‘विरह’ दिसला. आणि तू? तुझी चिठ्ठी समोर ठेवूनच लिहितेय. ‘साधेपणा भिडला. सुंदर.’ तीन शब्द. जिने माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो ‘समुद्र डावीकडे सांडतोय’ म्हणून परत केला होता, ती तू. त्या कललेल्या बादलीला तुला ‘सुंदर’ लिहवलं कसं?

नियम तुझेच ना? फोटो काळापांढराच हवा, कारण रंग खोटं बोलायला मदत करतात. फोटोवर नाव नको. चिठ्ठीत किमान चार ओळी हव्यात: नजर आधी कुठे गेली, कुठे अडकली, आणि तुमचा फोटो असता तर तुम्ही काय केलं असतं. आणि ‘छान’, ‘सुंदर’ लिहिणाऱ्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. एकोणीस वर्षांत मी फक्त दोघांना विसळताना पाहिलंय. परवा कपबश्या तशाच पडल्या होत्या आणि कुणी एकमेकांकडे बघतही नव्हतं.

घरी येऊन मी प्रिंट उलटी केली. पाठीमागे, उजव्या खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीचा ठिपका. मोहरीएवढा. मग गेल्या सात महिन्यांचे सगळे फोटो बाहेर काढले. प्रत्येकावर ठिपका. त्याच्या आधीच्या एकावरही नाही. पाकिटं गोळा करून फोटो मांडते कोण? तूच. तरी मी पोस्टमास्तरांना फोन केला. बिचारे आधी खोकले, मग म्हणाले, “वहिनी, ठिपका दिसला की हात जरा हलका ठेवायचा, असं ठरलं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” मनाला लावून घेऊ नका! मग कुठे लावू?

सात महिने मी मूर्खासारखी समजत होते की माझा हात सुधारला. ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून सांगतसुद्धा होते, बघा, काटकोन ‘प्रकाश बरोबर पकडलास’ म्हणाली. लाज वाटते आता.

तुला आपली पहिली भेट आठवते? मी नवी साडी नेसून, आठ फोटो टिश्यू पेपरात गुंडाळून आले होते. तू चष्मा कपाळावर चढवलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, “ह्यात काळा कुठंय? सगळं करडं. बाई, काळ्याला घाबरता का तुम्ही?” त्या दिवसापासून क्लबात मी करडी झाले; तू सरळ रेषांच्या हट्टापायी आधीच काटकोन होतीस. बसमध्ये रडत घरी आले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, “पण तिने बघितलं तरी. मी तर न बघताच वा म्हणतो.” खरंच होतं ते. वर्तमानपत्रातून डोकं न काढता “वा!” त्या वा वर मी अख्खा संसार केला, आणि तुझ्या नकारावर फोटो शिकले. दोन्ही लागायचं मला.

वा म्हणणारा माणूस माझ्याकडे होता, काटकोन. तो गेला. त्याच्या जागी मला अकरा नको होते.

तू हे का केलंस, ते मला कळत नाही असं नाही. हॉस्पिटलात तू तेवीस दिवस डबा आणलास, परत नेताना तिथल्याच नळावर घासून नेलास, आणि एकदाही “धीर धर” म्हणाली नाहीस. म्हणूनच जास्त चीड येते. बाकीचे सगळे मला काचेच्या भांड्यासारखं उचलत होते, तेव्हा तू एकटी नेहमीसारखी वागलीस. आणि मग घरी जाऊन पेन्सिलीला टोक केलंस. माझा नवरा गेला, डोळे नाही गेले माझे. वाईट फोटो काढायचा माझा हक्क तू कुणाला विचारून काढून घेतलास?

आता पत्राचं खरं कारण. बादलीची परीक्षा मी उगाच नाही घेतली. ह्या पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मधे एक फोटो आहे, अजून कुणालाही न दाखवलेला. हॉस्पिटलात न्यायच्या दिवशी सकाळचा. हे पलंगाच्या कडेवर पाठमोरे बसलेत, शर्टाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबतेय, आणि डोकं कपाटाच्या सावलीत पार बुडालंय. मी कॅमेरा उचलला तेव्हा मान न वळवता म्हणाले, “सरळ धर गं, काटकोन ओरडेल.” मला हसू आलं आणि हात हलला. म्हणून तो कललाय. सरळ करायला गेलं तर कडेचा त्यांचा डावा हात फोटोतून कापला जातो. सात महिने मी तो लाल दिव्याखाली पुन्हा पुन्हा छापतेय आणि मला कळत नाही, तो काळा खरा काळा आहे की नुसता अंधार. हा फोटो आहे, की फक्त माझा नवरा आहे म्हणून मला फोटो वाटतो? हे जगात एकाच माणसाला विचारता येईल, आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल का, ते आधी बघणं भाग होतं. तू नापास झालीस. तरी पाठवतेय, कारण दुसरं कुणी नाही. पाठीमागे ठिपका नाही, मी दोनदा पाहिलंय. चार ओळी लिही. हात कापू की फोटो कललेलाच राहू देऊ, सांग. आणि ‘सुंदर’ लिहिलंस, तर पुढच्या रविवारी सगळ्या कपबश्या तू विसळशील, मी शेजारी उभी राहून मोजेन.

तुझीच,
करडी