नऊ मुली, एक नंबर

८ जाने.
प्राचार्य सरांनी बोलावलं. परीक्षेच्या पोर्टलवर आता नुसता पासवर्ड चालणार नाही, मोबाइलवर येणारा कोडही लागणार. सगळ्या मुलामुलींचे नंबर जोडायचं काम माझ्या गळ्यात. तासिकेवरची बाई म्हणजे नवी सून, कोणीही काहीही सांगावं. "शंभर टक्के पाह्यजे मॅडम, आजच्या आज." पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर त्यांच्याच हातात. हो म्हटलं.

सहापर्यंत सगळे झाले, तांड्यावरच्या नऊ मुली सोडून. घरात फोन एकच, तो बापाजवळ, बाप ऊसतोडीला सांगलीकडे. शीतल राठोड म्हणाली, "मॅडम, तुमचाच टाका ना. आमी तुमाले इचारून घेऊ." टाकला. नऊही जणींना माझाच.

१० जाने.
स्टाफ मीटिंगमध्ये टाळ्या. नंबर जोडण्यात आपलं कॉलेज पहिलं, सर म्हणाले. नऊ मुलींचं मी बोलले नाही. विचारलं कुठे कोणी?

१७ जाने.
परीक्षेचे फॉर्म सुरू. कोडांनी जीव खाल्ला. भाजी फोडणीला टाकली की फोन. फुलसावंगीच्या झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरतात, त्या दुकानदाराच्याच फोनवरून विचारतात, "मॅडम, आला काय कोड?" आज एकीवर खेकसले. मग वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं, जरा कमी करतील.

२२ जाने.
सरांच्या घरी हळदीकुंकू. वाण स्टीलची चाळणी. सरांच्या मिसेसनी मला शेजारी बसवून घेतलं, चारचौघींत कौतुक, "ह्याच त्या शंभर टक्केवाल्या मॅडम." तेवढ्यात फोन. झेरॉक्सवाला. उचलला असता तर कोड त्यांच्यादेखत सांगावा लागला असता, सगळं उघडं पडलं असतं. कट केला. पुन्हा आला. कट. मग सायलेंट करून पर्समध्ये.

घरी येऊन पाहिलं. अकरा मिस्ड कॉल, चार कोड. लावला तर दुकान बंद करून तो घरी गेलेला.

फॉर्मची आज शेवटची तारीख होती. मला माहीत होतं. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे कबूल करणार.

२३ जाने.
पोर्टल बंद. आठ जणींचे भरलेले. शीतलचा नाही. परवापर्यंत कापूस वेचत होती ती.

सरांनी तिला ऑफिसात सगळ्यांसमोर उभं केलं. शेवटच्या दिवसापर्यंत कायले थांबता म्हणे. सहा महिने वाया जातील, कळतं का. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी कपाटातल्या फायली चाळत राहिले. तिने बघितलंच नाही. "माहंच चुकलं सर," एवढंच म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर. मी अडतीस.

२४ जाने.
जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, अ‍ॅसिडिटी आहे. चाळणी वरच्या फळीवर टाकली, समोर नको.

२७ जाने.
कॉलेजने कारण लिहून पाठवलं तर विद्यापीठ उशिराचा फॉर्म घेतं कधीकधी. पत्र मीच तयार करायचं. सरांनी सांगितलं, लिहा, विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे. लिहून घेतलं मी. अक्षर नेहमीसारखं सुबक. लाज वाटते त्या अक्षराची.

व्हरांड्यात शीतलला गाठलं. माझं नाव का नाही घेतलंस?

"तुमाले काढून टाकलं तं बाकीच्या आठ जणींले हॉलतिकिटाचे कोड कोन सांगन, मॅडम?"

रागावून बोलली असती तर सोपं गेलं असतं.

२८ जाने., सकाळ
पत्र बारापर्यंत जायला हवं. ‘हलगर्जीपणामुळे’ ठेवलं. ‘विद्यार्थिनीच्या’ खोडून तिथे माझं नाव घातलं. नऊ मुलींना एकच नंबर दिला, तेही लिहिलं. खाली सरांना प्रत. ऑर्डर गेली समजायची, ह्यांना अजून सांगितलं नाही.

कॉलेजच्या मेलवरून पाठवायचं, तर तिथेही कोड. मागवला, आला. दहा मिनिटं चालतो. फोन समोर ठेवून हे लिहीत बसले.

तो संपला. दुसरा मागवला. तोही आला आहे.