चिमणामावशीची पाटी

कसबा बावडा, कोल्हापूर
२ एप्रिल १९९९

ती. आक्काताईस,
धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. सोनमला दात येताहेत, त्यामुळे घरात कुणालाच झोप नाही. तू धाडलेले काजू मिळाले. निम्मे तुझ्या भावजयीनं, अक्षतानं, खिरीसाठी लपवलेत, उरलेले मी चहाबरोबर संपवले.

आता कामाचं. काजू कारखान्यांतल्या बायकांचं किमान वेतन वाढवावं का, हे ऐकून घ्यायला सरकारी समिती चोवीस तारखेला कोल्हापुरात बसणार आहे. आमच्या संघटनेची मागणी अशी, की फोडलेल्या गरावर किलोनं मजुरी देणं बंद करा आणि दिवसाचा ठरलेला पगार द्या. काल कळलं, की कारखानदारांच्या बाजूनं बोलायला तुझं नाव गेलंय. ऑफिसात सगळे माझी टर उडवतात. आक्का, पाच वर्षांपूर्वी तू लोकांच्या रानात रोजानं तण भांगलायला जात होतीस. स्वतःची काजूची शेड झाल्यावर इतक्यात विसरलीस? मला वाईट वाटलं, म्हणून लिहिलं.

चिमणामावशीला जयभीम सांग. उत्तर धाड, कान उपटणारं असलं तरी चालेल.

तुझा
संग्राम

चंदगड
८ एप्रिल १९९९

चि. संग्राम यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कान उपटायला हात तिथवर पोचत नाही, म्हणून लिहिते. भांगलण मी विसरले नाही. कुठली बाई जरा टेकली, कुठली पाणी प्यायला गेली, हे बघत मुकादम बांधावर उभा असायचा. तसं कुणाच्या डोक्यावर उभं राहायला लागू नये, म्हणून मी किलोचा दर ठेवला. जितकं फोडाल तितकं तुमचं.

मोठे कारखानदार रोजावर पगार देतीलही. माझी पत्र्याची शेड, आठ बायका. मला तो भार झेपला नाही तर आधी कुणाला घरी बसवू? सगळ्यांत थकलेली कोण, तर चिमणामावशी. आई गेल्यावर जिनं आपल्या दोघांना वाढवलं तिलाच जा म्हणून सांगू? आणि तिचंच बघ. साठी उलटली, डोळ्यांना कमी दिसतं, तरी संध्याकाळी वजनकाट्यावर तिची गराची पाटी बाकीच्यांच्या बरोबरीनं भरते. म्हातारीला जमतं तर दर वाईट कसा? समितीला मी हेच सांगणार आहे.

मावशी म्हणते, त्याला म्हणावं भांडत काय बसलाईस, जयंतीला गावाकडं ये की.

लोभ चोवीस तारखेच्या अलीकडं पलीकडं सारखाच असू दे.

तुझी
आक्का

कसबा बावडा
१२ एप्रिल १९९९

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जयंतीला येता येत नाही. इथल्या मिरवणुकीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मावशीची समजूत घाल.

तिच्या पाटीचं मी ऑफिसात सांगितलं. ऐकून सगळे पुन्हा मागणीचे कागद चाळायला लागले, मीही. पण एक मागणं आहे. बोलायच्या आधी एक दिवस मालकीणपण खुंटीला टांग आणि बायकांच्या रांगेत बसून बी फोड. तुझी पाटी मावशीएवढी भरली, तर चोवीसला मी तोंड उघडणार नाही. शब्द दिला.

माया कमी करू नकोस.

तुझा
संग्राम

चंदगड
१८ एप्रिल १९९९

चि. संग्राम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसले बाबा तुझ्या हट्टापायी. हाताला तेल लावून बसले, तरी टरफलाच्या चिकानं बोटं भाजून निघालीत. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

दुपारी माझ्या पाटीचा तळ दिसत होता. अख्खे गर थोडे, तुकडेच फार. शेजारी मावशी. तिची पाटी माझ्याहून बरी, पण बाकीच्यांच्या निम्मीही नव्हती. म्हटलं, उन्हं उतरली की तिचा हात चालत असेल. वजनाआधी हात धुवायला गेले नि परत येते तो काय, मावशीची पाटी रोजच्यासारखी भरलेली. आणि माझीही.

धोंडुबाईला विचारलं. ती आमच्यात सगळ्यांत चपळ. ती हसायलाच लागली. म्हणाली, जी मागं राहील तिच्या पाटीत समद्यांनी मूठ मूठ गर टाकायचा, ही आमची रीत हाय. मालकीण असलीस म्हणून काय झालं, आज बसलीस की आमच्यात.

संग्राम, मला फार लाज वाटली. काट्याजवळ रोज मीच उभी असते, पण पाट्या माझ्यापुढं येतात त्या भरूनच. मावशीला त्या दरानं पुरत नव्हतं. बायका आपल्या मजुरीतलं तिला देत होत्या, आणि मी ते समितीपुढं माझ्या दराचा पुरावा म्हणून ठेवणार होते.

मी चोवीसला येते, पण कारखानदारांच्या जीपमधून नाही, एस.टी.नं. रोजावर पगार हवा, असंच सांगेन. लहान शेडला त्याचा भार पडेल हेही सांगेन, कारण ती भीती काही खोटी नाही. मावशीला कळलं तशी ती म्हणाली, मी घरी बसते, तुझी शेड जगू दे. तिच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. ती राहणार. कसं जमवायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. माझ्या पाटीत पहिली मूठ मावशीनंच टाकली म्हणे. इतकी वर्षं कामात तिच्याहून मागं राहणारी कुणी नव्हतीच, म्हणून तिला कधी मूठ टाकायला मिळाली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठली ती.

खीर ठेवायला अक्षताला सांग. माया आहेच, ती राहू दे.

तुझी
आक्का