जुनी गाणी बंद झाली त्या सकाळी

रेडिओ केंद्राच्या मोठ्या साहेबांना नमस्कार.

सकाळचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम तुम्ही बंद केलात, म्हणून चांगले चार शब्द सुनावायला बसले होते. त्या गाण्यांशिवाय आमच्या सासऱ्यांची दाढी व्हायची नाही. गेल्या आठवड्यात गाण्यांऐवजी तुमची मंडळी नुसतीच खिदळायला लागली, तसा त्यांनी चिडून रेडिओच बंद केला. घर एकदम गप्प झालं.

आणि स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. कणीक मळता मळता सासूबाई गात होत्या. आवाज बारीक, पण सुराला पक्का.

सासरे तोंडाला फेस तसाच ठेवून दारात जाऊन उभे राहिले. "अगं, तू गातेस?"

"लग्न झाल्यापासून गातेय. तुमचा रेडिओ मोठा असायचा."

ते ओशाळून म्हणाले, "पुढचं कडवं येतं?"

"येतं. आधी तोंड धुऊन या."

आता रोज फर्माईश होते आणि सासूबाई भाव खातात. आज त्यांना एक ओळ आठवेना, तेव्हा सासऱ्यांनीच ती म्हटली, बेसूर का होईना.

साहेब, माझं ऐकून तुम्ही कार्यक्रम पुन्हा सुरू केलात तर? म्हणून हे पत्र टाकत नाही.

आपली,
एके काळची श्रोती