हिरवा डबा

बेंबळी, वैशाख, १९४८. मंगळवार संध्याकाळ.

नव्या पत्र्यांना कोणता रंग द्यायचा, एवढीशी गोष्ट, पण डोकं उठलंय. मला तांबडा हवा होता. सकाळी शेजारचे चांदभाई आपल्या पत्र्याला लावून उरलेला हिरव्या रंगाचा डबा घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, हाच लावा. रझाकारांची धाड आली तर आमच्यातलं घर समजून पुढं जातील." केवढी माया! तरी मला रागच आला. आपल्याच गावात लपून राहायचं?

ही म्हणाली, "अन् उद्या आपल्यातल्यांची उलट धाड आली, तर चांदभाईंच्या हिरव्या पत्र्याचं काय?"

हे मला का नाही सुचलं? पूर्वी मातीची माळवदं होती, तेव्हा सगळ्यांचीच छपरं पांढऱ्या मातीची. कुणाचं घर कुठलं, त्यावरून कळायचं नाही.

संध्याकाळी डबा परत केला अन् म्हटलं, दोन्ही घरांच्या छपरांना चुना मारू. चांदभाईंनी आपल्या हिरव्या छपराकडं बघितलं. मग म्हणाले, "शिडी आणा. आधी माझं."