चढली, म्हणाले सगळे

तात्या, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते, आणि आता माझी लेक कॉलेजात जाते. इतक्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा मी फारशी बोलले नाही. रागच होता. गेल्या रविवारपासून मात्र तुम्हाला सारखं काहीतरी सांगावंसं वाटतंय, आणि घरात दुसऱ्या कुणाला ते सांगता येत नाही.

तुमच्या लेकाचं सांगते. तो लोणी देवकरच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तुमच्यासारखाच उंच, हसताना मान मागं टाकणारा, आणि तुमच्यासारखीच त्यालाही चाळिशीच्या आत शुगर निघाली. रोज सकाळी भावजय त्याच्या हातावर गोळी ठेवते आणि तो गिळेपर्यंत समोरून हलत नाही. रविवारी त्यांच्या धाकटीचं जावळ होतं. दारात मांडव, सगळी भावकी गोळा झालेली. मी बारामतीहून सकाळच्या एसटीनं गेले. त्यानं धावपळीत गोळी घेतली, न्याहारी मात्र राहिली. मटण शिजायला उशीर झाला, पाहुणे यायचे होते, आणि गोठ्यामागं पुरुषमंडळींची बैठक बसली.

तिथून तो आला तेव्हा मी मांडवात पाट मांडत होते. "ताई, तू कवा आलीस?" त्यानं विचारलं. सकाळी त्यानंच मला स्टँडवरून आणलं होतं. शर्ट घामानं चिंब, हात थरथरत होते. दोघांनी धरून त्याला बाजेवर आडवं केलं. "चढली, चढली! घरचं कार्य आन मालकच आडवा!" म्हणून सगळे हसले. चुलते म्हणाले, "झोपू दे गं त्याला. तासाभरात उतरंल." आणि तात्या, मला तुमची ती दुपार आठवली.

कारखान्याचा गळीत हंगाम संपलाय. तुमच्या पाळीतल्या लोकांनी जेवण ठेवलंय, पण तुम्ही जेवणाआधीच उठून भर दुपारी घरी येता. मी दार उघडते. तुमचा शर्ट अंगाला चिकटलाय आणि तुम्ही मला आत्या समजून काहीतरी बोलताय. आई तुमच्या अंगावर चादर टाकते आणि मला म्हणते, "झोपू दे. उठल्यावर बघते ह्यांच्याकडं." मी पुन्हा पुस्तक उघडते. दिवेलागणीला ती तुम्हाला हलवते, पुन्हा हलवते, आणि मग तिचा आवाज बदलतो. लोक म्हणाले, दारूनं गेला. आम्हीही तेच म्हणत आलो. तुमची शुगरची गोळीही रोज चालू होती, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मी भावाच्या कपाळाला हात लावला. ओलं आणि गार. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, मी शाळेत भूगोल शिकवते. मला फक्त तो घाम ओळखीचा वाटला. मी म्हणाले, "गाडी काढा." चुलते चिडले. "आगं, भरल्या मांडवात शोभा करतीस का घराची?" मी काही बोलायच्या आत भावजय पुढं झाली. मोठ्यांसमोर कधी मान वर न करणारी ती, ओरडलीच. "हुंद्या शोभा! बायको मी हाय त्याची. गाडी काढा आधी!" मग कुणी हसलं नाही.

इंदापूरच्या वाटेवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आधी काहीतरी पुटपुटत होता, मग तेही थांबलं. भावजयीनं साखरपाणी पाजायला बघितलं, पण ते ओठातून ओघळलं, म्हणून तिनं पेला बाजूला ठेवला. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले. श्वास लागत होता, पण अगदी हलका. दवाखान्यातल्या डॉक्टर वयानं लहान दिसत होत्या. त्यांनी बोटाला सुई टोचून शुगर बघितली आणि तिथूनच नर्सला हाक मारली. शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळानं तुमच्या लेकानं डोळे उघडले आणि विचारलं, "पाहुण्यांची जेवणं झाली का?"

डॉक्टर आम्हा दोघींना बाहेर घेऊन गेल्या. "ही गोळी साखर खाली आणते. रिकाम्या पोटी दारू घेतली, की लिव्हरला ती उतरलेली साखर भरून काढता येत नाही. घाम, बरळणं, गुंगी, बाहेरून सगळं प्यायल्यासारखंच दिसतं. घरचे झोपवून ठेवतात. काही जण उठत नाहीत." बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, असंही त्यांनी बजावलं. गोळीचा असर राहतो म्हणून त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. मी त्यांना तुमचं विचारलं. "आता नक्की कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तसं झालेलं असू शकतं."

तो घरी आलाय. दारू सोडली म्हणतो. तरी आता कंपनीत कुणाचा निरोपसमारंभ असला, लग्नाची हळद असली, की माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. रोज संध्याकाळी फोन करते आणि तो 'बोल' कसं म्हणतो तेवढंच ऐकते. काल वैतागला. "ताई, तू फोनवरनं वास घेतीस का काय?" मी हसले, पण फोन ठेवल्यावर लगेच भावजयीला लावला आणि तो जेवला का, ते विचारलं. आणि तुमच्यावरच्या रागाचं आता काय करायचं, तेही मला कळत नाही. तुम्ही त्या दुपारी प्यायला होतात, हे खरंच आहे. पण आम्ही जिला नशा समजलो ती नशाच होती का?

हे लिहून कुठं पाठवणार, तात्या? घरात ठेवायचीही भीती वाटते, कधी आईच्या हाती लागलं तर. सोमवारी आम्ही दवाखान्यातून आलो तेव्हा आई उंबऱ्यातच बसली होती. भावजयीनं तिला सगळं सांगितलं. नंतर मी एकटी भांडी विसळत होते, तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. "ह्यांचंबी तसंच झालं आसंल का गं?"

मी म्हणाले, "न्हाय आई. तात्यांचं वेगळं होतं."

मला मागं वळून तिच्याकडं बघवलं नाही.