दोरीवरचे पिवळे मोजे

नवापूर
२४ मे २०२५, शनिवार

दीपा बाय,

आशीर्वाद. खुशाली मागाहून लिहिते, आधी याचं उत्तर दे. माझी पोर डिसेंबरपासून तुझ्या घरी येते, जेवते, झोपते, तुझ्या दोरीवर कपडे वाळत टाकते, आणि तुला एकदा पण मला कळवावंसं वाटलं नाय? सलोनी तेरा वर्षांची हाय, ती लपवणारच. तू चाळीशीला आलीस. रविवारी हॉकीवरून आली की मला सांगायची, आय, सरांनी खिचडी दिली. सरांची खिचडी! आणि घरी येऊन विचारते, नागलीची भाकर कशी थापतात ग? आपल्या घरात जन्मभर तांदळाची भाकर, नागली खातात ती तुझ्या नवऱ्याकडे. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास म्हणून लिहायला बसले. चौथी सोडल्यापासून पेन धरलं ते सहीपुरतं. आई गेली तेव्हाचं मनात धरून बसली हायस ते मला ठाऊक हाय. पण ते समाजाच्या माणसांनी केलं, मी एकटी काय करणार होते? असो. चार वर्षं झाली.

खुशाली अशी की जानूची बोट अजून पाण्यात हाय, चार-सहा दिवसांत वर ओढतील, मग दोन महिने नवरा घरात पायात पायात. माझे गुडघे दुखतात. बाकी बरं.

आता मला कसं कळलं ते ऐक. रामकिसन सर, ते बोईसरला रविवारी पोरींना हॉकी शिकवतात ना, ते एप्रिलात घरी आले. बोलले, "दीदी, लडकी को यहाँ मत रखो. आठवीला हॉकीवाल्या शाळेत घाला. बोईसरला एक हाय, पालघरला एक. सकाळ-संध्याकाळ मैदान. नवापूरहून रोज नाय जमणार, शाळेजवळ राहायला लागेल. फॉर्म मे संपायच्या आत." जानू बोटीवर. मग शाळा बघणार कोण? मीच.

पहिल्यांदा नवीन साडी नेसून बोईसरला गेले. ऑफिसातल्या बाया गोड बोलतात, सगळं हाय बोलतात, मैदान हाय, पाणी हाय, मॅडम हाय. अशाने काय कळतंय. दुसऱ्या दिवशी मी पाटी घेतली आणि शाळेच्या मागच्या गल्लीत मासे विकायला गेले. दारात बसून पापलेट साफ करताना बायका जे बोलतात ते खरं असतं. बोईसरला एक बोलली, मुलींना मैदान आठवड्यातून दोन दिवस, बाकी क्रिकेटवाले. दुसरी बोलली, कारखान्यांचा धूर उतरला की पोरांना आत घेतात. दोन दिवस फिरले, सात-आठ दारं केली.

मग पालघर. तिथे एक म्हातारी करवादत होती, "सहा वाजल्यापासून ठकठक, ठकठक! पोरी आधी, मग पोरगे. ती मॅडम पावसात पण सोडत नाय." मी विचारलं, मग तक्रार का नाय करत? बोलली, "का करू? माझी नात पण तिथेच मरते." आणि हसली. मी तिला दोन मांदेली जास्त टाकली.

तिथून वळले तर तुझी गल्ली. मुद्दाम नाय गेले, खोटं बोलत नाय. तुझ्या दोरीवर पिवळे मोजे. गुडघ्यापर्यंतचे. असे मोजे शंभर पोरींचे असतील, पण डाव्या टाचेला निळ्या नायलॉनने भरलेलं होतं, जाळं भरतो तशी गाठ मारून. ती गाठ माझी. मी उभी राहिले. आतून कुकरची शिटी झाली. मी पाटी उचलली आणि चालायला लागले, निम्मी मांदेली तशीच परत आणली.

घरी येऊन बोलले, बोईसर. ठरलं. तिथे भाड्याची खोली बघते. ठकठक नाय, मॅडम नाय, काय नाय, तरी बोईसर. तुझ्यावरच्या रागाने.

सलोनी उठली. बूट घेतले आणि धुवायला बसली. ही पोर बोलत नाय तेच मला सोसत नाय. काठीच्या वेळेला पण अशीच.

काठीचं तुला तिने सांगितलं असेल, नसेल तर आता ऐक. जानेवारीत जिल्ह्याची निवड होती. सरांनी तिला लाकडाची काठी दिलेली, चांगली. मला वाटलं, एवढी नवीन काठी, आपल्या खाऱ्या हवेत फुटायची. बोटीला लावायचं माशाचं तेल उरलं होतं, तेच आदल्या दिवशी काठीला चोळलं, दोन हात, मुठीपर्यंत. बोटीला चालतं तर काठीला का नाय? सकाळी ती काठी तिच्या हातात राहीना. बॉल एकीकडे, काठी दुसरीकडे. पोरी नाक धरून हसल्या. सरांनी विचारलं, हे कोणी केलं? तर बोलली, "मीच लावलं, सर." निवड झाली नाय.

तेल मी चांगल्या मनाने लावलं. पण पुढचं तिला पण ठाऊक नाय. तिची निवड झाली नाय हे ऐकून मला बरं वाटलं. बाजारात माझी जागा हाय, ती आईची होती, आता तिथे मागून माझी पोर बसेल असं वाटलं. असं वाटलं मला. दोन दिवस छान झोप लागली. हे कुणाला बोलले नाय, जानूला पण नाय.

आता मागच्या रविवारचं. मुंबईला सुट्टीतली स्पर्धा होती, सरांनी सलोनीला घेतलं. मी न सांगता गेले. बघू तरी, बोलले, कशासाठी ही पोर माझ्याशी खोटं बोलते.

दीपा, ते मैदान निळं हाय. माती नाय, गवत नाय, सतरंजीसारखं काय तरी, आणि खेळायच्या आधी त्याच्यावर पाणी मारतात. फवारे उडतात, सगळं चकचकतं. मी बाजूच्या बाईला बोलले, आता सुकायची वाट बघणार काय? ती बोलली, ओल्यावरच खेळतात, मावशी. मग पोरी धावल्या आणि प्रत्येकीच्या पायामागे पाणी उडत होतं. माझी पोर त्यात कोणती ते मला पहिली पाच मिनिटं कळलं नाय. मी जन्म दिला, आणि मला ओळखू येईना. घरात बादली उचलायला दहा हाका माराव्या लागतात, ती तिथे हात करून सगळ्यांना सांगत होती, तू इथे, तू मागे. आणि मोठ्या मोठ्या पोरी ऐकत होत्या!

मग एक शिट्टी झाली, कॉर्नर बोलतात त्याला. पाच पोरी गोलाच्या रेषेवर गेल्या, एक भल्या मोठ्या पॅडवाली, चौघींनी तोंडावर जाळीचे मुखवटे घातले. एकमेकीच्या पाठीवर हात ठेवले. समोर दुसऱ्या गावच्या पोरी काठ्या उगारून. मला वाटलं आता या लपणार. बॉल आत आला आणि माझी पोर लपली नाय, ती सुटली. समोरची मारणार, जोरात मारणार, हे दिसतंय, आणि ही सरळ त्या काठीवर धावत जाते. सगळ्यांच्या पुढे. मी ओरडले. काय ओरडले ठाऊक नाय. ठण्ण करून आवाज झाला, बॉल हिच्या काठीला लागून उडाला आणि बाहेर. ही पडली ती उठली, गुडघा झटकला, परत जागेवर. तीनदा झालं तसं. तीनदा! माझ्या अंगावर काटा आला तो अजून जात नाय. अशी हिंमत आपल्या घरात कुणाची होती? बाबांची नाय. माझी तर नायच. मी बाजारात आवाज करते, त्याला हिंमत बोलत नाय.

आणि समोरच्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांच्या मागे तुझा नवरा उभा होता. डोळे गच्च मिटून.

मी अख्खं मैदान वळसा घालून गेले. बोललेच, "देवू, काय झालं? डोळ्यात गेलं काय?"

दचकला. "ताई, तुमी? झाला का कॉर्नर?"

"झाला."

"लागलं तिला?"

"नाय."

तेव्हा कुठे डोळे उघडले. "मला बघवत नाय, ताई. दीपा हसते मला."

"मग येतोस कशाला एवढ्या लांब?"

तर बोलतो, "त्या पाच जणी रेषेवर उभ्या राहतात ना, तेव्हा सलोनी एकदा इकडे बघते. तिला दिसायला कुणी तरी पाहिजे." आणि लगेच माझ्याकडे बाटली केली. "पाणी घ्या. घसा बसला असेल, पलीकडून ऐकू येत होतं."

मी पाणी प्याले. त्याच्या हातचं. पुढच्या कॉर्नरला सलोनीने बघितलं तर आमी दोघं उभे. तिचं तोंड मुखवट्यात, मला काय दिसलं नाय. पण ती अशी सुटली ना, बाय.

आता वर जे लिहिलं ते खोडत नाय, पण ते खोटं हाय. समाजाची माणसं काय बोलली नव्हती. आपल्याला भाऊ नाय, देवू तिरडीजवळ आला, खांदा द्यायला वाकला, आणि बाकीचे बाजूला सरकून त्याला जागा देत होते. मी बोलले, "बाहेरच्याने हात लावायचा नाय." मीच. सगळ्यांसमोर. तो डोंगराकडचा, आपल्यातला नाय, म्हणून. तो मागे जाऊन रांगेत चालला, पार स्मशानापर्यंत. तू पाणी न पिता गेलीस. आईला तुमी दोघं यायला हवे होतात, ती शेवटी तेच विचारत होती. ते पण मी तुला कळवलं नाय.

रविवारी मी देवूला हे बोलणार होते. तोंडातून निघालं नाय. म्हणून इथे लिहिलं. त्याला वाचून दाखव.

बोईसर रद्द. सलोनीला पालघरच्या शाळेत घालायची हाय आणि तुमच्या घरी ठेवायची हाय. मला भाड्याची खोली नको, तिला बघणारं माणूस पाहिजे. फॉर्मवर रकाना हाय, गावातला पालक, पूर्ण नाव आणि सही. तिथे तुझं नको. देवूचं पाहिजे, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं. फॉर्म सोबत घातला हाय. तो रकाना मी कोरा ठेवला, कारण त्याला न विचारता त्याचं नाव लिहायचा मला हक्क नाय.

सलोनी हे पत्र आणते. तिला फक्त शाळेचं ठाऊक हाय. ती तुझ्याकडे बघत उभी राहील, तिच्यासमोर तोंड वाकडं करू नकोस.

शुक्रवारी सर फॉर्म न्यायला येतात. मला उत्तर गुरुवारी, २९ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत पाहिजे. नंबर चालू कर आणि फोन कर. नाय असेल तर नाय बोल, मी भांडणार नाय, रडणार नाय. पण रागाच्या भरात तू एकटीने ठरवू नकोस, मी ठरवलं तसं. फोन त्याच्या हातात दे. हो असो की नाय असो, मला देवूच्या तोंडून ऐकायचं हाय. गुरुवार, पाच वाजता. मी फोन हातात धरून बसणार.

तुझी, आणि त्याने परत तशी हाक मारली तर त्याची पण,
ताई
मंजुळा