कमानीवरचा तुझा फोटो

बाबा, तुला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील, मी काही मोजत बसले नाही. पण या मे महिन्यात तू गावाच्या कमानीवर येऊन बसलास. फ्लेक्सवर. सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात, गोल कापलेला फोटो, बाजूला समई, नावामागे कैलासवासी आणि खाली लिहिलेलं, यांच्या आशीर्वादाने. कसला आशीर्वाद, तर माझी पोरगी कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशनची इंजिनियर झाली त्याचा. तिला तू बघितलीसही नाही. आणि ती इंजिनियर झालीही नव्हती. शेवटचा पेपर देऊन आली, घोरत पडली, रिझल्टला महिना होता, तेवढ्यात तुझ्या लाडक्या लेकाने फ्लेक्स लावून टाकला. मध्ये तो स्वतः, काळा चष्मा, गळ्यात साखळी, हात जोडलेले. त्याच्या शेजारी ते साहेब, ज्यांना पुढच्या वेळी नगरसेवक व्हायचंय. दोन्ही बाजूंनी शुभेच्छुक म्हणून गल्लीतली सगळी रिकामी पोरं, एकालाही विचार, पोरगी काय शिकते, सांगता येणार नाही. पोरगी खाली कोपऱ्यात, बोटाएवढी, कुणाच्या तरी हळदीतला फोटो.

सारसोळ्यात आता असंच आहे. शेतं, मिठागरं गेली, खाडीत मासा नाही, बिल्डिंगी झाल्या, आणि हातात काम नसलं की माणूस फ्लेक्स लावतो. कुत्र्याच्या वाढदिवसाचा लागला होता मागे, कुत्र्याच्या डोक्यावर टोपी. पण आधी वाजवायचं आणि मग बघायचं, ही खोड तुझ्या लेकाने तुझ्याकडून उचलली. त्याच्या दहावीच्या वेळी रिझल्टच्या आदल्या दिवशी तू पेढे वाटलेस, आठवतं का? मनगटी घड्याळ पण आणलंस त्याला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या विषयांत नापास, आणि तू ओट्यावर बसून सांगतोयस, बोर्डाची काहीतरी चूक झाली असनार. लोक तुझे पेढे खाऊन तुला हसत होते. मी आत मासे कापत होते आणि ऐकत होते.

माझं मात्र तुला कधी वाजवावंसं वाटलं नाही. चौथीत मी पहिली आले तेव्हा शाळेतल्या बाई घरी आल्या. तू जाळं विणत बसलेला. त्यांनी सांगितलं, मुलगी हुशार आहे, पुढे घाला. तू मानही वर केली नाहीस. म्हणालास, "हिला अजून किती शिकवाची? पैसे मोजता येतान ना. बास झाला." बाईंनी चहा अर्धा ठेवला आणि गेल्या. आई चुलीपुढे होती, तिने तो अर्धा चहा मोरीत ओतला. आठवडाभराने तू माझ्यासाठी मासळी विकायची नवीन टोपली आणलीस, डोक्यावर ठेवायची चुंबळ पण आणलीस, लाल कापडाची. मला वाटतं, तुला खरंच वाटत होतं की तू मला काहीतरी दिलंस. तेच जास्त डोक्यात जातं.

आता या पोरीचं सांगते, कारण फ्लेक्सवर बसून तुला काही कळलं नसणार. कॉलेजबद्दल माझं मत काही चांगलं नाही. काचेची बिल्डिंग, लिफ्ट फक्त सरांना. एकदा हजेरी कमी पडली म्हणून पालकांना बोलावलं. सरांनी माझी साडी बघितली आणि सगळं इंग्रजीत पोरीला सांगायला लागले. म्हटलं, सर, ओरडा मला खायचाय, तर मराठीत ओरडा. मग कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. प्रॅक्टिकलचं तर विचारूच नकोस. यंत्र बंद पडलेलं, म्हणून स्क्रीनवर लहर कशी दिसली असती ते वरच्या वर्गातल्या पोरांच्या वहीतून उतरवायचं. पोरगी रविवारभर बसून उतरवते. मी विचारलं, "काय काढतेस?"

"रीडिंग."

"घेतलं कोणी?"

"कोणीच नाही, आई. सबमिशन आहे."

याची फी भरतो आपण. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चौघं होते. तीन पोरं माझ्या घरी येऊन कोलंबी खाऊन जायची आणि ही कॉम्प्युटरपुढे एकटी.

पण ती मठ्ठ नाही. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, शिकतेस तरी काय. म्हणाली, आवाज इथून तिथे कसा न्यायचा ते. म्हटलं, त्याला चार वर्षं? तुझी आजी जेट्टीवरून हाक मारायची तर वाशीला ऐकू जायची. ती हसली आणि मग विचार करून म्हणाली, "आई, तू मासे हातात धरून नेत होतीस का? टोपलीत घालून नेत होतीस ना? तसा आवाज एका मोठ्या लहरीवर ठेवायचा. तिकडे पोचला की आवाज काढून घ्यायचा आणि लहर द्यायची सोडून." मला कळलं. लगेच कळलं. असं तिला कुठल्या सरांनी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच काढलं. तेव्हा मी ठरवलं, हिचं हे पुरं होणार, मग कोणी काहीही म्हणो.

तर रिझल्ट लागला आणि पोरीचा एक विषय राहिला. केटी म्हणतात, तेवढा पेपर परत द्यायचा. राहिला कुठला, तर अँटेनाचा. आणि आमच्या बाजूच्या बिल्डिंगवर मोबाईलचा टॉवर, तुझ्याच लेकाच्या गच्चीवर, त्याचंच भाडं खातो तो. पोरीने फक्त एका मैत्रिणीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात माझ्या शेजारची म्हणते, "टॉवरखाली झोपते नि अँटेनात नापास व्हय गं?" मी तिला सांगितलं, तू खाडीकाठी जन्मलीस, तुला पोहता येतं का.

पोरगी घराबाहेर पडेना. कमानीखालून जायचं म्हणजे वर तिचं नाव, पुढे इंजिनियर. मग एक दिवस म्हणाली, "आई, मी परीक्षा देत नाही. महापेला फोन उचलायचं काम मिळतंय, तिथे लागते. गावात बाकीचे सगळे इंजिनियरच समजतायत ना, समजू दे." मला हेच नको होतं. एकदा का ती त्या फ्लेक्सच्या आड जाऊन बसली की झालं, जन्मभर बसली असती, आणि तुझ्या लेकाला चाललं असतं. त्याला म्हटलं, फ्लेक्स उतरव. म्हणाला, "ताई, बाजारातल्या बायका सोडल्या तर कोनाला कल्लाय? आनि त्यावर साहेबांचा फोटो हाय. साहेबांना खाली कसा उतरवाचा?" पावसात फाटला तर चालेल, पण आपण उतरवायचा नाही, ही रीत. माझा माणूस जासईला कंटेनरच्या यार्डात असतो, त्याला फोन केला, तर म्हणाला, तुझ्या भावाचं तू बघ.

बघितलं मग. सकाळी बाजारातून उठले, केळीवाल्याचं स्टूल घेतलं आणि कोयत्याने दोऱ्या कापल्या. साहेब तोंडावर पडले. पोरं जमली, मोबाईल काढले. तुझा लेक धावत आला.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? गावात तोंड दाखवू कसा मी?"

"मध्यभागी तूच होतास, इतके दिवस दाखवलंस ना."

"लोक काय म्हणतील?"

"मीच सांगते," म्हटलं, आणि कमानीत उभी राहून मोठ्याने सांगितलं, पोरगी एका विषयात नापास आहे, परत देणार आहे, पास झाली की बघू. मग फ्लेक्सची गुंडाळी केली आणि काखेत मारून घरी आले.

पोरगी माझ्यावर भडकली. आता सगळ्यांनाच कळलं म्हणाली. म्हटलं, बरं झालं, लपवायचं काही राहिलं नाही, बस अभ्यासाला. बरेच दिवस जेवण पण माझ्याआधी उरकायची. मी तो फ्लेक्स गच्चीवर पत्र्याच्या पुढे ताणून बांधला, सावलीला. छापलेली बाजू वर, कोरी खाली. तुम्ही सगळे आकाशाकडे तोंड करून, कावळे काय करतात ते तुमचं तुम्ही बघा. एका दुपारी वर गेले तर ती त्याखाली पुस्तक घेऊन बसलेली. म्हणाली, खाली उकडतं. मी पाण्याची बाटली ठेवली आणि उतरले. पण मनात म्हटलं, बाबा, उभ्या जन्मात तू पहिल्यांदा एखाद्या पोरीच्या शिक्षणाच्या कामाला आलास.

आज तिचा तो पेपर आहे. सकाळी कमानीखालून चालत गेली, मान खाली नव्हती. पास होईल की नाही मला माहीत नाही आणि आधी वाजवायची मला सवय नाही. ती येईपर्यंत तिच्या नोट्सच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहीत बसलेय, चौथीतलं अक्षर आहे, तसंच राहिलंय. ती आली की हे कागद मी कोलंबीची सालं गुंडाळून टाकून देणार.

एक राहिलं. फ्लेक्स लागला त्या दिवशी मी कमानीखाली बराच वेळ उभी होते. वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वरपर्यंत, मी माझा फोटो शोधत होते. पोरीचा बोटाएवढा लावलाय, हे मला घरी आल्यावर तिने सांगितलं.